टपाचा सातबारा

मोटारीला टप असावा की नसावा, हा प्रश्न माणसाला मोटार नसतानाच जास्त छळतो. मोटार आली की हप्ते छळतात, पेट्रोल छळतं, आणि टपाकडे बघायला सवड उरत नाही. माझ्याकडे मोटार नाही, म्हणून या विषयाचा सांगोपांग अभ्यास मला करता आला. शिवाय मी बी.कॉम. आहे आणि अमरावतीला बँकेत कर्जाच्या टेबलावर बसतो. दुसऱ्याच्या मोटारीचा विचार करण्याचा मला पगार मिळतो.

अभ्यासाला निमित्त झालं माझ्या मावसभावाचं. तो अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यात माना गावाजवळ राहतो. अमरावती-अकोला रस्ता चौपदरी झाला, त्यात त्याचं दोन एकर वावर गेलं. मोबदला आला, तो त्यानं मुदत ठेवीत टाकला. वऱ्हाडात कापूस पिको न पिको, मुदत ठेव मात्र न चुकता पिकते. ती पिकली आणि पठ्ठ्या माझ्यासमोर येऊन बसला.

“भाऊ, मले टपाची गाडी घ्याची हाये.”

“टपाची म्हणजे?”

“म्हंजे, टप नसलेली.”

योजना त्याच्याजवळ तयार होती. गाडी वरातीला भाड्यानं द्यायची. नवरदेव-नवरी मागं उभे, वर आभाय, पुढं बँड. गाडीही हेरून ठेवली होती. अकोल्याच्या एका मिस्तरीनं जुन्या अॅम्बेसेडरचं छत करवतीनं उडवून तिला पांढरा रंग आणि लाल गाद्या दिल्या होत्या. “अशी दिसते, का इंग्रजी सिनेमातली हिरोईनच पाहा!”

आम्ही बँकवाले हो किंवा नाही म्हणण्याआधी जुने उतारे मागतो. मी त्याला आठ दिवस थांबायला सांगितलं आणि टपाचा सातबारा काढायला बसलो.

पहिली नोंद अर्थातच बैलांच्या नावावर आहे. आमच्याकडे दमणी होती, छकडा होता, रेंगी होती. दमणीला कापडाचा टप. सासुरवाशीण माहेरी निघाली की तो चढायचा. रेंगीला टप नाही. ती तरण्याबांड पोरांनी पळवायची. म्हणजे कुटुंबाची बंद गाडी आणि पोरांची उघडी गाडी, हा भेद वऱ्हाडात मोटारीच्या आधीपासून आहे. साहेबांच्या देशातही तेच. तिकडे टप दोन बाजूंना दुमडणारी लँडो होती आणि हलकीफुलकी दोनचाकी कॅब्रिओले. कॅब्रिओले या फ्रेंच नावाचं मूळ उडी मारण्यात आहे, आणखी मागं गेलं तर ते थेट बकरीपर्यंत जातं. गाडी खड्ड्यांवरून बकरीसारखी उड्या मारायची, म्हणून हे नाव. या हिशेबानं आमच्याकडच्या सगळ्या एस.ट्या कॅब्रिओले ठरतात.

मोटारीचा जन्म १८८६ सालचा, जर्मनीत, कार्ल बेंझ यांच्या हातून. तिला तीन चाकं होती, टप नव्हता. हिंदुस्थानात मोटार १८९७-९८ च्या सुमारास आली. १८९७ च्या डिसेंबरात आमच्या अमरावतीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. मोटार आणि काँग्रेस दोघी साधारण एकाच वेळी दारात आल्या. पुढाऱ्यांनी मोटारीत बसायला मात्र अजून अवकाश होता.

आता गंमत ऐका. सुरुवातीच्या बहुतेक मोटारी उघड्याच होत्या. त्या हौशीच्या म्हणून उघड्या होत्या असं मात्र नाही. त्या स्वस्त म्हणून उघड्या होत्या. बंद मोटारीला सुतार लागे, काच लागे, कारागीर लागे. ज्याला परवडत नव्हतं तो कापडी टपाची टूरर घेई आणि पाऊस आला की बाजूला पडदे बांधत बसे. १९१९ साली अमेरिकेत दहातल्या नऊ मोटारी उघड्या होत्या. मग पत्र्याचे मोठाले दाब-यंत्र आले, बंद मोटारी भराभर निघू लागल्या. हडसन कंपनीनं १९२५ साली कमाल केली. त्यांच्या एसेक्स मोटारीची बंद गाडी ८९५ डॉलरला आणि उघडी ९०० डॉलरला! छत घ्या आणि वर पाच डॉलर वाचवा. १९२७ पर्यंत शंभरातल्या पंच्याऐंशी मोटारी बंद झाल्या.

तेव्हापासून उघडी मोटार ही श्रीमंतांची चीज झाली. ज्वारीच्या भाकरीचं असंच झालं. आमच्या लहानपणी गहू परवडत नाही म्हणून भाकर खात होतो. आता हायवेवरच्या ढाब्यावर ‘गावरान थाळी’त तीच भाकर पोळीपेक्षा महाग पडते. गरिबी सोडून गेली की तिची फॅशन होते.

पुढची नोंद एका दाताच्या डॉक्टराची आहे. त्याचं नाव जॉर्ज पोलॅं, फ्रान्सचा राहणारा. कापडी टप फाटतो, गळतो, म्हणून या गृहस्थानं पत्र्याचंच छत मागच्या पेटीत आपोआप घडी होऊन बसेल अशी युक्ती काढली. १९३० च्या दशकात प्यूजो कंपनीनं तशा मोटारी विकल्या. जबडा उघडणं आणि मिटणं हा त्याचा रोजचा धंदाच होता, त्याला हे सुचलं यात नवल नाही. पुढं जर्मन फौजा फ्रान्समध्ये शिरल्या तेव्हा तो त्यांच्याविरुद्धच्या गुप्त लढ्यात उतरला आणि १९४२ साली जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या. आज कोट्यवधींच्या मोटारी बटण दाबताच छत पोटात घेतात, त्या बटणामागं हा माणूस आहे.

टपाचा भाव वधारेल म्हणून मोटारी साठवणाऱ्यांसाठीही इतिहासात एक धडा आहे. अमेरिकेत सरकार उघड्या मोटारींवर सुरक्षेचे कडक नियम आणणार अशी हूल उठली आणि कंपन्यांनी त्या बंद करत आणल्या. १९७६ साली कॅडिलॅकनं आपली एल्डोराडो ही ‘शेवटची’ उघडी मोटार म्हणून विकली. लोकांनी सोनं घ्यावं तशा घेऊन ठेवल्या. १९८२ ला क्रायस्लरनं उघडी मोटार परत आणली, १९८४ ला खुद्द कॅडिलॅकनंही आणली. काही गिऱ्हाइकं चिडून कोर्टात गेली. ‘शेवटचे तीन दिवस’ असा बोर्ड वर्षभर झुलवणारा कापड दुकानदार आमच्याकडंही आहे. पण त्याच्यावर खटला भरायचं कुणाच्या मनात येत नाही.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे परमिटराज. फियाटसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत, तिथं टपाची निवड कोण विचारतो! तरीही वऱ्हाडानं उघडी मोटार भरपूर पाहिली, ती सरकारी होती म्हणून तिला कुणी उघडी मोटार म्हटलं नाही, एवढंच. ती म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सहा लाखांवर जीपगाड्या बनल्या. १९४५ साली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पेढी निघाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथं अर्थमंत्री आणि १९५१ ला गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली पेढीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. आद्याक्षरं तीच राहिली. रबरी शिक्क्यांचा खर्च वाचला असावा, हा माझा बँकवाल्याचा अंदाज. या कंपनीनं मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. १९५२ साली सामूहिक विकास योजना आली, मग पंचायत समित्या आल्या, आणि बीडीओची जीप धुरळा उडवत गावात शिरू लागली. निवडणुकीत तिच्यावर भोंगा, दुष्काळात तिच्यात साहेब. कॅनव्हासचा तिचा टप कमानींवर चढायचा, पट्ट्यांनी बांधायचा. पोरं मागं धावायची, त्यात मी होतो आणि मावसभाऊही होता.

इथं मला हवा तो उतारा सापडला. जीपचं बळ तिच्या खालच्या लोखंडी चौकटीत आहे. वरचं सगळं काढून ठेवा, ती ढिम्म हलत नाही. १९६१ पासून मद्रासला निघालेल्या स्टँडर्ड हेराल्डचीही चौकट वेगळी होती, छत वरून बोल्टानं बसवलेलं. अॅम्बेसेडरचं तसं नाही. तिचा सांगाडा आणि अंग एकच. छत, खांब, तळ मिळून तिची ताकद होते. छत कापलं की मधोमध कंबर खचते. कारखान्यात उघडी मोटार करतात तेव्हा तळाला आणि कडेला जादा पोलाद भरतात; म्हणून छत नसलेली गाडी छपरावाल्या गाडीपेक्षा पुष्कळदा वजनदार आणि महाग असते. मिस्तरीनं पोलाद भरलं नव्हतं, लाल गाद्या भरल्या होत्या.

आठ दिवसांनी आम्ही दोघं अकोल्याला गेलो. मी मावसभावाला म्हटलं, “मागं चौघं बसवून दार लावून पाहा.” चौघं बसले. दार लागेना. मिस्तरी म्हणाला, “साहेब, नवरदेवाले दार कायले लागते? तो त वरून चढते!”

मग मी कायदा काढला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगून टाकलं की कंपनीनं दिलेल्या मूळ घडणीत मनमानी बदल चालायचा नाही. असल्या गाडीला विमा मिळाला तरी अपघातानंतर तो उपयोगी पडेल याचा भरवसा नाही. आणि भाड्यानं द्यायची तर पांढऱ्या पाटीवर चालत नाही, पिवळी पाटी लागते. मावसभाऊ गप्प झाला. दोन एकराचा मोबदला होता तो. एकदा गेला की परत पिकणार नव्हता.

कारखान्यातून उघड्या निघालेल्या गाड्यांची यादीही मी केली होती. गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन माणसांची मोटार निघाली होती, फायबरच्या अंगाची, रेनोच्या इंजिनाची. दोघांतच नवरा-नवरी संपतात, चालवायचं कुणी? १९८५ ची मारुती जिप्सी होती, तीही आता बंद झाली. २०२० साली नव्या थारमध्ये दुमडता कापडी टप आला. किंमत ऐकून मावसभावानं पाण्याचा ग्लास मागितला.

परतताना बसमध्ये तो म्हणाला, “भाऊ, वरातीचं त एक निमित्त होतं.”

“मग?”

“तुमाले तं मालूम हाये, हा रस्ता कसा झाला.”

मालूम होतं. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टापूत ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला. रात्रंदिवस काम, सातशेवर माणसं. कतारचा जुना विक्रम २५ किलोमीटरचा आणि दहा दिवसांचा होता. गिनीज बुकात नोंद झाली, गावात पेढे वाटले.

“माह्यं वावर त्यात हाये,” तो म्हणाला. “एस.टी.त बसलो का काचेतून अर्धा रोड दिसते. मोटारसायकलवर धुरा पाहाव का ट्रक, समजत नाही. म्या म्हटलं, एकदा टप काढून, बुडीले मांगं बसवून हळूहळू जाव. वरतं आभाय त तेच हाये ना, भाऊ?”

यावर कर्जाच्या टेबलापाशी कुठला फॉर्म नाही.

शेवटी मावशीनंच निकाल दिला. मोबदल्यातल्या मोठ्या भागाचं रस्त्यापासून आत दीड एकर वावर घेतलं. उरलेल्यातून एक जुनी डिझेल जीप आली. टप कंपनीचा, आर.सी. बुक स्वच्छ, पाच वर्षांचं नूतनीकरण झालेलं. कर्ज काढावं लागलं नाही, त्यामुळे आमच्या बँकेचा काहीच फायदा झाला नाही. भाड्यानं ती देत नाहीत. पण पोरीच्या लग्नात वापरणार, त्याला पिवळी पाटी लागत नाही.

मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढं असतो, तेव्हा टप उघडणारा माणूस शहाणा म्हणता येत नाही. म्हणून ते दिवस मावळल्यावर निघतात. मावशी मागच्या बाकावर, डोक्याला दुपट्टा घट्ट गुंडाळून. एका जागी ती म्हणते, “थांबव बाप्पा, इथं आपलं बाभुयीचं झाड होतं.” महामार्गावर असं मधेच थांबता येत नाही. तो गाडी थोडी सावकाश घेतो, मागचा ट्रकवाला हॉर्न देतो.