वाळूत घोटलेलं यीस्ट

साखरेची दारू होते ती जिवंत यीस्टमुळेच, असं पाश्चर ठासून सांगायचा. हे मत मोडलं एका खलानं, असं मला वाटतं.

एदुआर्ड बुखनरचा भाऊ हान्स म्युनिकमध्ये जंतूंच्या पेशींतला रस औषधासाठी काढू पाहत होता. यीस्ट ही बुरशीच, पण तिची पेशीभित्तिका भलती चिवट. मग एक किलो यीस्ट, तितकीच क्वार्ट्झची वाळू आणि पाव किलो कीसेलगुर खलात घोटायचं. कीसेलगुर सुचवलं ते मार्टिन हाननं. वाळूच्या धारेनं पेशी फाटत, कोरडं मिश्रण ओलसर होई. ते कापडात गुंडाळून हवेच्या 400 ते 500 पट दाबाखाली पिळायचं. हाती अर्धा लिटर रस!

तो टिकावा म्हणून 1896मध्ये त्यात भरपूर साखर घातली, आपण मुरांब्यात घालतो तशी. तर बुडबुडेच यायला लागले. जिवंत पेशींशिवाय रस आंबत होता. बुखनरनं त्यातल्या विकराला ‘झायमेज’ म्हटलं (ती विकरांची अख्खी साखळी निघाली, पण पुढे). 1897मध्ये निबंध, 1907मध्ये नोबेल.

पाश्चर 1895मध्येच वारला होता. आणि 1871मध्येच मारिया मानासेइना या रशियन डॉक्टर बाईनं असाच दावा केला होता; बुखनरनं तो मानला नाही.