सायकलची लेन नक्की कुणासाठी? माझगावातून दिसणारा एक जुना वाद

आजचा भाग सायकलवर आहे. हेल्मेट, ग्लोव्ह्ज आणि चाळीस हजारांची गिअरवाली सायकल डोळ्यांसमोर आली असेल तर ती जरा बाजूला ठेवा. मी बोलतोय त्या काळ्या, जड सायकलबद्दल. मागच्या कॅरिअरला पावाची भलीमोठी पिशवी बांधलेली, हँडलला दोन थैल्या लटकवलेली आणि ब्रेक असून नसल्यासारखे असलेली.

माझगावात आमच्याकडे पहाटे साडेपाचला पहिला आवाज येतो तो रबरी भोंग्याचा. पों-पों. पाववाले चाचा. बेकरीतून लादी उचलायची, पी. डिमेलो रोडचा एक तुकडा पार करायचा, मग आतल्या गल्ल्यांमध्ये शिरायचं. बॅप्टिस्टा गार्डनकडचा चढ आला की खाली उतरून सायकल ढकलायची. सात वाजेपर्यंत अख्खा माल संपलेला असतो. त्यांच्यानंतर इडलीवाला, मग गॅस सिलिंडरवाला. रात्री सायकलवर थर्मास बांधून चहा विकणारे असतातच.

आणि यांच्या डोक्यावरून, अगदी शब्दशः डोक्यावरून, ईस्टर्न फ्रीवे जातो. जून २०१३ मध्ये सुरू झाला, लांबी जवळपास १७ किलोमीटर, ऑरेंज गेटजवळून थेट चेंबूरकडे. त्यावर सायकलला बंदी आहे. मोटरसायकललाही आहे. कोस्टल रोडवर तेच, अटल सेतूवर तेच. सुरक्षेचं कारण मला पटतं. त्या वेगात सायकल चालवायला मी स्वतः जाणार नाही. पण वरचा रस्ता झाला म्हणून खालचा रस्ता सायकलवाल्याचा झाला का? खाली खांब आहेत, कंटेनरचे ट्रक आहेत, आणि ट्रकांच्या मधून वाट काढणारे चाचा आहेत.

म्हणून मी या वादाचा इतिहास शोधायला लागलो. सायकलला वेगळी लेन द्यायची की नाही, हे भांडण आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप जुनं आहे. आणि त्याची सुरुवात जरा उलटीच आहे.

साल १९३४, लंडन. वेस्टर्न अॅव्हेन्यू नावाच्या नव्या रस्त्याला लागून ब्रिटनमधला पहिला खास सायकल ट्रॅक बांधला गेला. साधारण अडीच मैल लांब, दोन्ही बाजूंना साडेआठ फूट रुंद. उद्घाटन केलं तेव्हाचे वाहतूक मंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी. आता सांगा, विरोध कुणी केला असेल? कारवाल्यांनी? नाही. सायकलवाल्यांनी! सायकलस्वारांची सगळ्यात मोठी संघटना, सायकलिस्ट्स टूरिंग क्लब, या ट्रॅकच्या विरोधात उभी राहिली.

त्यांचा मुद्दा नीट ऐका, कारण तो मूर्खपणाचा नव्हता. त्या काळी तिकडच्या रस्त्यांवर मोटारींपेक्षा सायकली कितीतरी पटीने जास्त होत्या. सायकलवाले म्हणत होते की रस्ता आधीपासून आमचा आहे. मोटारवाले वेगाने येऊन आम्हाला उडवतात, तर त्यांना आवरा. आज तुम्ही आम्हाला कडेची पट्टी द्याल, उद्या म्हणाल की आता त्या पट्टीतच राहा, आणि परवा मुख्य रस्त्यावर दिसलात तर दंड कराल. वर ती पट्टी खडबडीत, आणि प्रत्येक फाट्याशी तुटणारी.

आता हॉलंडकडे या. १९७१ मध्ये त्या छोट्याशा देशात एका वर्षात तीन हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर मेली, त्यात चारशेहून अधिक मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले. चळवळीचं नावच होतं ‘मुलांचे खून थांबवा’. पाठोपाठ १९७३ चं तेलसंकट आलं, रविवारी गाड्या बंद ठेवायची वेळ आली, आणि सरकारला सायकलचे वेगळे रस्ते बांधावेसे वाटायला लागले. तिकडे लेन ही लोकांची मागणी होती. गंमत बघा, लंडनचा सायकलवाला आणि हॉलंडची आई, दोघांना भीती एकाच गोष्टीची होती. एकाला वाटलं लेन म्हणजे हकालपट्टी, दुसरीला वाटलं लेन म्हणजे संरक्षण.

मुंबईच्या वाट्याला यातलं काय आलं? तेच सांगायचंय. आपल्याकडे हकालपट्टी आधी झाली, लेन मिळायची राहूनच गेली.

मुंबई हे तसं सायकलचं गाव नाही असं म्हणतात. पुण्याने तो मान घेतला होता. पण १५ ऑक्टोबर १९२३ ला बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण याच शहरातून सायकलवर जगप्रवासाला निघाले होते. त्यातले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा, १९२८ मध्ये सुमारे ७१ हजार किलोमीटर पूर्ण करून परतले. वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता. १९८० मध्ये कायदा करून सरकारने तो ताब्यात घेतला, नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन असं भारदस्त नाव दिलं, आणि पुढे तो बंद पडला. म्हणजे ज्या शहरात सायकली बनत होत्या त्याच शहरात आज आपण ‘मुंबईत सायकल चालतच नाही’ असं खुशाल म्हणतो.

मधल्या काळात रस्त्याचा मालक बदलला. ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम धावली. ट्राम हळू चालते, रस्ता अडवते, वाहतुकीचा खोळंबा करते, अशी तक्रार होती. हळू चालणारा दोषी आणि वेगाने जाणारा म्हणजेच ‘वाहतूक’, हा हिशोब तेव्हापासून पक्का बसला. ट्रामनंतर हातगाडीवर तोच आरोप आला, आणि सायकलवरही. कोलकात्यात तर हे उघडपणे झालं. तिथल्या पोलिसांनी २०१३ मध्ये १७४ रस्त्यांवर सायकलला बंदी घातली. दूधवाले, पेपरवाले, मासेवाले सगळे एका फटक्यात गुन्हेगार. मुंबईने असा फतवा काढला नाही. इथे रस्तेच असे बांधले की बंदीची पाटी लावायचं काम फक्त फ्रीवेवर उरलं.

मग सायकल ट्रॅक आलेच नाहीत का? आले ना. तीन गोष्टी सांगतो.

पहिली बीकेसी. २०११ च्या सुमाराला एमएमआरडीएने तिथे सायकल ट्रॅक केला. काचेच्या इमारती, रुंद रस्ते, सगळं जुळून आलेलं. पण वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनवरून बीकेसीत शिरेपर्यंतचा जो सगळ्यात जीवघेणा टप्पा, तो रिक्षा-बसच्या गर्दीतूनच काढायचा. पुढे ट्रॅकवर गाड्या उभ्या राहायला लागल्या. आणि २०२५ मध्ये ‘कुणी वापरत नाही’ म्हणून ट्रॅक काढून गाड्यांची लेन वाढवायचा निर्णय झाला. दोन्ही टोकांना जिना नसलेला पादचारी पूल बांधला, तर त्यावरून किती लोक जातील?

दुसरी तानसा पाइपलाइन. मुलुंडपासून धारावीपर्यंत जलवाहिनीच्या कडेने ३९ किलोमीटरचा ट्रॅक, महापालिकेने २०१७ च्या आसपास जाहीर केलेला. कल्पना खरंच छान होती, कारण गाड्यांचा संबंधच नाही. पण ती जागा मोकळी कशी झाली तेही माहीत असू द्या. पाइपलाइनच्या सुरक्षेसाठी दोन्ही बाजूंचे दहा-दहा मीटर मोकळे करा, असा हायकोर्टाचा आदेश होता. त्यानुसार हजारो झोपड्या तोडल्या गेल्या आणि अनेकांना माहुलला पाठवलं, रिफायनरीच्या शेजारी. तिथली हवा इतकी वाईट की लोक पुन्हा कोर्टात गेले. एप्रिल २०१९ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की माहुलला जायची सक्ती नको, दुसरीकडे राहायला महिना १५ हजार रुपये भाडं द्या. घरं ट्रॅकसाठी तोडली नव्हती, हे मी स्पष्टच सांगतो. पण त्या पट्ट्यावर आधी राहत होते त्यांच्यातले किती जण सायकलने कामाला जात असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

तिसरी पवई. तलावाभोवती दहा किलोमीटरचा सायकल आणि जॉगिंग ट्रॅक, जाळीत दगड भरून काठावर बांधायचा. आयआयटीचे विद्यार्थी आणि पर्यावरणवाले कोर्टात गेले. ६ मे २०२२ ला मुंबई हायकोर्टाने ते काम बेकायदा ठरवलं आणि जागा होती तशी करून द्या असं सांगितलं. माझ्या मते निकाल योग्यच होता. तलावाचा काठ ही सायकलची समस्या कधीच नव्हती.

तिन्ही गोष्टींत एक सारखेपणा आहे. ट्रॅक जिथे जागा सापडली तिथे काढला. जिथे सायकलवाला आधीपासून चालतोय तिथे कुणी बघितलंच नाही. त्याच वर्षी, मार्च २०२२ पासून, मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद ठेवायला सुरुवात केली होती. मरीन ड्राइव्हवर पोरं सायकल घेऊन आली, मजा आली, मीही गेलो होतो. पण सोमवारी पहाटे चाचा पुन्हा ट्रकांमध्येच.

‘मुंबईत सायकलवाले आहेतच किती’ या प्रश्नाकडेही बघू. २०११ च्या जनगणनेत विचारलं गेलं की तुम्ही घरून कामाच्या ठिकाणी कसे जाता. देशभरात शेतीबाहेरच्या कामगारांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते, आणि कारने ३ टक्केसुद्धा नाही. म्हणजे देशाचा आकडा आपल्या समजुतीपेक्षा बराच वेगळा आहे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, प्रश्न होता ‘कामाच्या ठिकाणी कसे जाता’. पाववाल्याची सायकल हेच त्याचं कामाचं ठिकाण! डबेवाला घरून ट्रेनने येतो आणि मग स्टेशनापासून सायकल हाणतो. चहावाला रात्रभर सायकलवर असतो. यांच्या दिवसभराच्या फेऱ्या अशा प्रश्नात पकडल्याच जात नाहीत. मग इंजिनिअर म्हणतो, मागणी नाही.

आता विरोधकांची बाजू, कारण ती खोटी नाही. माझगावात रस्ते अरुंद आहेत. लेन आखली की आठवड्यात तिथे बाइक पार्क होतात, पंधरा दिवसांत टेम्पो. बसला वळायला जागा हवी. म्हातारपाखाडीच्या गल्लीत तर लेनची कल्पनाच हास्यास्पद आहे. तिथे दोन माणसं छत्री उघडून समोरासमोर आली तरी एकाला थांबावं लागतं. मलाही तिथे लेन नकोच आहे. तिथे फक्त बाइकवाल्यांनी वेग आवरावा, लंडनचे ते १९३४ चे सायकलवाले म्हणत होते तसा. पण पी. डिमेलो रोडसारख्या ठिकाणी, जिथे बाजूने कंटेनर जातो, तिथे पांढऱ्या पट्टीने काही होणार नाही. तिथे मध्ये कठडा हवा, हॉलंडच्या आयांना हवा होता तसा. एकाच वॉर्डात दोन रस्त्यांना दोन उत्तरं असू शकतात.

आणि हे आत्ताच का बोलायचं? कारण पूर्वेच्या किनाऱ्यावर बंदराच्या जमिनीचा विकास करायची चर्चा गेली काही वर्षं चालू आहे. शेकडो हेक्टर जमीन, आणि तिथले पुष्कळ रस्ते अजून आखायचेत. ऑरेंज गेटहून मरीन ड्राइव्हपर्यंत बोगद्याचं काम सुरू झालंय. त्यात सायकल जाईल असं मला तरी वाटत नाही.

या भागासाठी मी चाचांना विचारलं, लेन हवी का? आधी त्यांना लेन म्हणजे काय तेच कळेना. समजावल्यावर हसले. त्यांची तक्रार भलतीच निघाली. मुख्य रस्त्यावर दुभाजकात पूर्वी एक फट होती, तिथून ते सायकल पलीकडे काढायचे. ती आता बंद झाली आहे. पुढच्या सिग्नलपर्यंत जाऊन वळून यायचं तर दहा मिनिटं जातात आणि पाव गार होतो. म्हणून ते तेवढा तुकडा उलट्या बाजूने जातात, समोरून येणाऱ्या ट्रकांच्या दिव्यांत, भोंगा वाजवत.