पुण्याचा कुंभार आणि आमच्या सूनबाई

कामरेज हा बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातील महाल होता, तेव्हापासून आमचे घराणे येथे तापीकाठी आहे. संस्थान १९४९ साली विलीन झाले. घराण्याच्या समजुती मात्र विलीन झाल्या नाहीत. गेल्या दिवाळीत धाकट्या सूनबाईंनी, दोन बाळंतपणांनंतर सैल पडून लोंबू लागलेले पोट शस्त्रक्रियेने नीट करून घेण्याचा विचार बोलून दाखविला, तेव्हा वडीलधाऱ्यांत हशा पिकला. देवाने दिलेल्या देहाला कात्री लावण्याची ही विलायती हौस, असेही उद्गार निघाले. त्या उद्गारांत आमचाही वाटा होता, हे कबूल केले पाहिजे.

पुढे जुने संदर्भ चाळताना आमचे आम्हालाच लाजल्यासारखे झाले. ही विद्या विलायतेने आपल्याकडून उचलली, आणि तीही पुण्याजवळच्या एका कुंभाराकडून!

लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ ह्या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ती हकीकत आहे. कावसजी नावाचा एक बैलवान १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर होता. टिपूच्या हाती सापडल्यावर त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. (नाव पारशी वाटते, बातमीत मात्र तो शेतकरी जातीचा मराठा म्हटला आहे. इंग्रजी कानाने नावाची मोडतोड केली असावी, असा आमचा तर्क.) वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसविले. ह्या कारागिराचे नाव बातमीत नाही. मुंबई इलाख्यातील ज्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली, त्यांची नावे मात्र आहेत.

कृती अशी. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून आकार घ्यायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा व भोवती रेघ आखायची. तेवढी कातडी सोडवायची. पण दोन डोळ्यांमधली एक अरुंद पट्टी अखंड ठेवायची. मग कातडी खाली वळवून, सोललेल्या जुन्या व्रणावर बसवायची. वर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेली फडकी. पाचसहा दिवस रोग्याने उताणे पडून राहायचे. ती अखंड पट्टी सुमारे पंचविसाव्या दिवशी कापायची, त्याआधी नाही; कारण नवी जागा धरीपर्यंत कातडी त्या पट्टीतून येणाऱ्या रक्तावर जगते. ही बातमी वाचून जोसेफ कार्प्यू ह्या शल्यविशारदाने १८१४ साली लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया केली.

पोटाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास पुष्कळ अलीकडचा. अमेरिकेत बाल्टिमोर येथे हॉवर्ड केली ह्यांनी १८९९ मध्ये पोटावरची जादा कातडी व चरबी कापून काढल्याची नोंद आहे. नाभी जागच्या जागी, तिच्या देठावर राखून, ताणून आणलेल्या कातडीला नवे छिद्र पाडून तिला वर काढण्याची रीत १९५७ साली व्हर्नन ह्यांनी मांडली. देठ राखायचा, हे कुंभाराचेच सूत्र.

हे सूत्र ध्यानी घेतले, की डॉक्टर आधी काय विचारतात आणि का, ते उमगते. एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेऊन पोटाची कातडी बरगड्यांपर्यंत सोडवितात, फाकलेले स्नायू शिवून जवळ आणतात आणि कातडी खाली ओढून जादा भाग कापतात. उरलेली कातडी वरून व बाजूंनी येणाऱ्या रक्तावरच जगते. म्हणून विडीसिगारेट निदान चार आठवडे आधी बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात व कातडी काळी पडून मरू शकते. आमच्या बायकांची मिश्री व तंबाखूही त्यातच धरावी. मधुमेह आटोक्यात हवा. बरगडीखाली जुन्या शस्त्रक्रियेचा आडवा व्रण असल्यास रक्ताची वाट आधीच तुटलेली असते. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे, हा सर्वांत मोठा धोका. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर ते लपवू नये. वजन उतरविण्याचा हा उपाय नव्हे, आणि पुढे मूल हवे असेल तर थांबलेलेच बरे. डॉक्टरांपाशी प्लॅस्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, हे विचारण्यात कसला संकोच? नोकरीत असताना आम्ही साध्या ठेकेदाराचेही कागद तपासून घेत असू.

सूनबाईंच्या उजव्या बरगडीखाली पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचा असा व्रण आहे. ह्याच व्रणामुळे कदाचित नकार मिळेल, हे आता त्यांना ठाऊक आहे. डॉक्टरांना प्रथम तोच दाखवायचा, असे त्यांनी वहीत लिहून ठेवले आहे. होकार मिळाला, तर सुमारे सहा आठवडे जड उचलायचे नाही, म्हणजे धाकट्या नातवालाही कडेवर घ्यायचे नाही. ती जबाबदारी आमच्या सौभाग्यवतींनी आपण होऊन पत्करली आहे. दिवाळीत सर्वांत मोठ्याने त्याच हसल्या होत्या.