नांदणं आणि नांदवणं

नवराबायकोचं भांडण समुपदेशकाच्या टेबलापर्यंत येतं तेव्हा भिवंडीत ते एकाच भाषेत येत नाही. कोकणी मुसलमान आणि आगरी इथले जुने, उत्तर प्रदेशातले अन्सारी यंत्रमागांच्या पाठोपाठ आले, आणि पद्मानगरात तेलुगू पद्मशाली विणकरांची वस्ती आहे. मराठी बाई सांगते, 'तो मला नांदवत नाही.' उर्दू बोलणारी सांगते, 'रखता नहीं.' भाषा दोन, पण दोन्ही वाक्यांत करणारा तोच आणि ठेवून घेतली जाणारी तीच.

'नांदणे' हे क्रियापद निघालं संस्कृत 'नन्द्'पासून. आनंद, नंदन, नाटकाची नांदी ही सगळी त्याच धातूची लेकरं. मुळात अर्थ हर्ष पावण्याचा, त्यातून सुखानं राहण्याचा. म्हणून गावात शांतता नांदते, घरात गोकुळ नांदतं. लग्नातला आशीर्वादही दोघांना मिळून असतो. कटकट सुरू झाली की मात्र व्याकरण पालटतं. मग नांदते ती बाई आणि नांदवतो तो नवरा. 'माझा नवरा नांदत नाही' अशी तक्रार मराठीत कानाला खटकते. घरजावईसुद्धा सासरी 'राहतो', नांदत नाही. आनंदाच्या धातूपासून निघालेला शब्द बाईच्या हजेरीचा शब्द होऊन बसला, याचं मला फार वाईट वाटतं.

या हजेरीसाठी मुंबईत एक मोठा खटला झाला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याकडे जायला नकार दिला. नवरा दादाजी भिकाजी 1884 मध्ये कोर्टात गेला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्याचा दावा फेटाळला, पण अपिलानंतर 1887 मध्ये हुकूम झाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग पत्करला. 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. बाईला कोर्टामार्फत नांदायला आणण्याची ही तरतूद शास्त्रातून आलेली नव्हती, ती विलायतेतल्या चर्चच्या न्यायालयांची देणगी. मुसलमान जोडप्यांनाही ती लागू होते, असं प्रिव्ही कौन्सिलनं 1867 मध्येच ठरवलं होतं. इंग्लंडनं ती 1970 मध्ये रद्द केली. आपल्याकडे 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 मध्ये ती आजही आहे. कायद्याच्या शब्दांत अर्ज नवराही करू शकतो आणि बायकोही, पण 'नांदायला येण्याची नोटीस' म्हटलं की ती बाईच्या माहेरी जाणार, हे कुणाला सांगावं लागत नाही.

माहेर म्हणजे मातृगृह, आईचं घर. सासर हे श्वशुराचं, म्हणजे सासऱ्याचं. उर्दूतली मायका आणि ससुराल ही जोडीही याच वळणाची. तेलुगूत जन्माचं घर ते 'पुट्टिल्लु' आणि लग्नानंतरचं 'अत्तवारिल्लु', त्यातली 'अत्त' म्हणजे सासू. पद्मानगरातली मुलगी सासूच्या घरी जाते, मराठी मुलगी सासऱ्याच्या. तिच्या स्वतःच्या घराला मात्र तिन्ही भाषांत असा घडीव शब्द नाही. 'तुला कुठे राहायचंय?' असं समुपदेशकानं विचारलं की बाई गप्प होते. त्या गप्प बसण्याला हट्ट समजू नये.

'काय काम करता?' या प्रश्नाचंही तसंच. तयार कपड्यांचे धागे कापून बोटं सोललेली बाईसुद्धा सांगते, 'काही नाही, घरीच असते.' आणि रात्रपाळी करून दिवसा झोपणारा माग कामगार 'घरात लक्षच देत नाही' असं ऐकून घेतो. दोघांच्याही बाबतीत शब्दावरून माणूस जोखला तर निवाडा चुकतो.

आणि आपला 'समुपदेशन' हा शब्द? त्याच्या पोटात 'उपदेश' बसलेला आहे. इथवर येणाऱ्या बाईनं तो आई, मावशी, सासू, शेजारीण सगळ्यांकडून पोटभर ऐकलेला असतो. 'सांभाळून घे' हे वाक्य नवऱ्याला उद्देशून क्वचितच उच्चारलं जातं.

त्यापेक्षा मला 'निभणे' जवळचं वाटतं. संस्कृत 'निर्वाह'चा उर्दू-हिंदीत 'निबाह' झाला, मराठीत निभाव. 'हमारी निभी नहीं' म्हणताना किंवा 'आमचं पटलं नाही' म्हणताना कुणी कुणाला ठेवत नाही, टाकत नाही, दोघं एकाच 'आमचं'मध्ये येतात. भिवंडीतल्या समुपदेशकानं नोंदवहीत 'अर्जदार नांदण्यास तयार' असं लिहिण्याआधी समोरच्या खुर्चीतल्या पुरुषालाही हेच क्रियापद लावून विचारावं, 'तुम्ही नांदायला तयार आहात का?' पहिल्यांदा त्याला प्रश्न कळणारच नाही. तेव्हा तोच प्रश्न पुन्हा विचारावा.