पटावरची साम्राज्ये

दिवाळी आली की अंगणात, चाळीच्या कोपऱ्यात, नाही तर जिन्याखालच्या हातभर जागेत मातीचे किल्ले उभे राहतात. त्यांचे बारकाईने निरीक्षण केले तर इतिहासाच्या अभ्यासकाला घेरीच यावी. दरवाजापेक्षा दरवाजावरचा पहारेकरी उंच, बुरुजाशेजारी बुरुजाएवढाच वाघ, आणि महाराजांचे सिंहासन तर निम्मा बालेकिल्ला व्यापून बसलेले. पण त्याच किल्ल्यावर पाण्याचे टाके न चुकता असते. वर जाणारी वाट मुद्दाम वळणावळणाची केलेली असते, आणि उतारावर पेरलेले हळीव उगवले की नाही हे मुले रोज सकाळी उठून पाहतात. प्रमाण सारे चुकलेले, पण गड कशाच्या जोरावर उभा राहतो हे मात्र नेमके उमगलेले! इतिहासाचा खेळ करताना काय सोडावे आणि काय धरावे, याचा निवाडा मुले अशी सहज करून टाकतात. मोठ्या माणसांना मात्र याच प्रश्नाने गेली दोनशे वर्षे दमवले आहे.

मोठ्यांचे हे खेळ म्हणजे साम्राज्य उभारण्याचे आणि लढाया मारण्याचे खेळ. पूर्वी ते मेजावर नकाशे पसरून खेळले जात. आता बहुधा संगणकाच्या पडद्यावर. खेळणारा राजा होतो, गावे वसवतो, कर बसवतो, फौजा उभारतो, शेजाऱ्याशी तह करतो आणि सवड सापडताच तो मोडतो. असा खेळ रचणाऱ्याच्या दोन बाजूंना दोन माणसे कायमची उभी असतात. एक म्हणतो, "हे असे घडलेच नव्हते." दुसरा म्हणतो, "यात मौज वाटत नाही." या दोघांची एकाच वेळी समजूत घालता येईल काय?

आपल्या बुद्धिबळाने हा वाद फार लवकर मिटवला. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी सेनेची चार अंगे घेऊन हा खेळ चतुरंग या नावाने भारतात जन्मला. पण युद्धातली चार अंगे घेताना त्याने बाकीचे सारे युद्ध बाहेर ठेवले. इथे प्यादे थकलेला पगार मागत नाही, घोड्याला वैरण लागत नाही, पाऊस पडत नाही, आणि शत्रूचे सारे सैन्य डोळ्यांपुढे उघडे असते. खेळ अजरामर झाला तो यामुळेच. मात्र बुद्धिबळात निष्णात झालेल्या माणसाच्या हाती कोणी फौज देणार नाही.

प्रशियातल्या एका पितापुत्रांना ही उणीव खुपली. थोरले बॅरन फॉन राइसविट्झ यांनी १८१२ साली आपल्या राजाला एक नवा खेळ नजर केला. त्यात चौसष्ट घरे नव्हती. टेकड्या, नद्या आणि रस्ते असलेली जमीनच मेजावर मांडलेली होती. त्यांचा मुलगा तोफखान्यात लेफ्टनंट होता. त्याने हा खेळ खऱ्या नकाशावर आणला आणि १८२४ साली त्याचे नियम प्रसिद्ध केले. प्रत्येक डाव दोन मिनिटांच्या लढाईइतका. शत्रू दृष्टीच्या टप्प्यात येईपर्यंत त्याच्या सोंगट्या दिसायच्या नाहीत. दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच, आणि बंदुकीच्या फैरीत किती माणसे पडली हे ठरवायला फासे व कोष्टके. प्रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख म्युफलिंग हे पाहायला आले तेव्हा फारसे उत्सुक नव्हते. पण डाव रंगत गेला तसे तेही रंगत गेले, आणि अखेरीस हा निव्वळ खेळ नसून युद्धाचे शिक्षण आहे असे सांगत त्यांनी साऱ्या सैन्याला त्याची शिफारस केली. दुर्दैवाने त्या तरुण रचनाकाराला हे यश फार काळ लाभले नाही. १८२७ साली त्याने स्वतःच आपले आयुष्य संपवले.

खेळ मात्र वाढत गेला आणि वाढता वाढता जड झाला. कोष्टकांमागून कोष्टके आली, फाशांची बेरीज वजाबाकी करता करता अधिकारी कंटाळू लागले. लढाईची दोन मिनिटे खेळायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागे. मग १८७६ साली फर्डी द्यु व्हेर्नवा या प्रशियन सेनानीने वेगळी वाट सुचवली. फासे नकोत, कोष्टकेही नकोत. अनुभवी पंचाने आपल्या बुद्धीने निकाल द्यावा. खेळ चपळ झाला खरा, पण आता सारी मदार पंचाच्या शहाणपणावर. हिशेब चोख ठेवावा तर खेळ रखडतो, आणि खेळ धावता ठेवावा तर हिशेब कुणाच्या तरी मर्जीवर सोडावा लागतो. हा पेच तेव्हापासून आजतागायत सुटलेला नाही.

हिशेबाचा हव्यास कोणत्या थराला जातो याचे उदाहरण अमेरिकेत १९७९ साली निघालेल्या एका खेळात सापडते. विषय दुसऱ्या महायुद्धातली उत्तर आफ्रिकेची मोहीम. रचनाकार रिचर्ड बर्ग. वाळवंटातले प्रत्येक विमान, इंधनाचा प्रत्येक पिंप आणि त्यातून उडून जाणारे इंधन, सारे काही कागदावर मांडायचे. इटालियन शिपायांना पास्ता शिजवायला जादा पाणी लागते, म्हणून त्यांच्या तुकड्यांना पाण्याचा वेगळा वाटा! हा डाव पुरा व्हायला सुमारे पंधराशे तास लागतात असे सांगतात. दर रविवारी तीन तास बसायचे म्हटले तर साडेनऊ वर्षे झाली. मूळची मोहीम तीन वर्षांत आटोपली होती! आणि गंमत अशी, की ते पास्त्याचे कलम इतिहासाला धरून नव्हते हे पुढे खुद्द बर्ग यांनीच सांगून टाकले. तपशिलांचा ढीग म्हणजे सत्य नव्हे, याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

दुसऱ्या टोकाला गेल्यावर काय होते तेही पाहण्याजोगे आहे. १९९१ साली सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी 'सिव्हिलायझेशन' हा संगणकावरचा खेळ आणला. इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी एक गाव वसवायचे आणि तिथून थेट अवकाशयानापर्यंत पोचायचे. मायर यांची खेळाची व्याख्या प्रसिद्ध आहे: मन गुंतवणाऱ्या निर्णयांची मालिका म्हणजे खेळ. संस्कृती जशा चढतात तशा पडतातही, हे इतिहासाचे चक्र आपल्या खेळात असावे असे त्यांना प्रथम वाटत होते. पण अनुभव निराळाच आला. पडझड सुरू झाली की खेळणारा सरळ मागचा, जपून ठेवलेला डाव पुन्हा उघडी आणि ते संकट घडलेच नाही असे करून टाकी! पुढे २००८ सालच्या त्याच मालिकेतल्या एका खेळाच्या चाचणीत आणखी एक मौज दिसली. तिप्पट बळ असूनही चौथ्या वेळी हार येते हे गणित सरळ आहे. पण हरणाऱ्याला वाटे, आपल्याला फसवले. तोच माणूस एकाला तीन अशा कमी बळाने कधी जिंकला, तर त्याबद्दल मात्र अवाक्षर काढीत नसे! अखेर गणितालाच मुरड घालावी लागली. याला मी केवळ खेळाडूचा लबाडपणा म्हणणार नाही. जय आपल्या कर्तबगारीने आणि पराजय दैवाच्या फेऱ्याने, असा हिशेब मांडणाऱ्या खऱ्या राजांच्या कितीतरी बखरी जगात आहेत.

मग ऱ्हास खेळात येऊच शकत नाही काय? येतो, पण तो खेळाडूच्या हातातला पेच बनून आला पाहिजे. १९८० साली फ्रान्सिस ट्रेशम या इंग्रज रचनाकाराने त्याच नावाचा एक पटावरचा खेळ केला होता. त्यात व्यापाराच्या पत्त्यांतच संकटांचेही पत्ते मिसळलेले असतात. त्यांतली काही आपल्याच वाट्याला राहतात, काही मात्र धान्याच्या किंवा मिठाच्या सौद्यात लपवून शेजाऱ्याच्या गळ्यात बांधता येतात. बुडतो तोही हसतो, कारण पुढच्या फेरीत त्याचीही पाळी असते. स्वीडनमधल्या एका कंपनीने २०१२ साली काढलेल्या 'क्रूसेडर किंग्ज' मालिकेच्या दुसऱ्या खेळात राजा मरतो, मुलांत राज्याच्या वाटण्या होतात, आणि बापाने जन्मभर जोडलेले भाऊ भाऊ मिळून मोडतात. आपल्याला हे परके वाटू नये. १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, ताराबाईंशी त्यांचा वाद पेटला, आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्यांवर शिक्कामोर्तब झाले. हे कुठल्याही खेळापेक्षा कमी उत्कंठेचे नाही.

मराठ्यांचे राज्यही या पडद्यावर आले आहे. २००९ सालच्या 'एम्पायर : टोटल वॉर' या इंग्रजी खेळात १७०० सालापासून मराठ्यांचा पक्ष घेऊन खेळता येते. मराठी मुलाला त्यात अभिमान वाटला तर नवल नाही. पण त्या साली प्रत्यक्षात काय होते? मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली, आणि औरंगजेब स्वतः साताऱ्याच्या वेढ्यावर बसला होता. खेळ ज्याला मराठा राज्यसंघ म्हणतो, तो सरदारांचा संघ पुढे पेशवाईत आकाराला आला. ही चूक मी क्षम्य मानतो. पहारेकरी दरवाजापेक्षा उंच झाला, इतकेच.

खटकते ते दुसरेच. तो खेळ फौजेचा पगार मोजतो, पण धान्याच्या गोण्या मोजीत नाही. आणि पानिपत तर गोण्यांवरच ठरले! १७६० च्या नोव्हेंबरपासून भाऊसाहेब पानिपतला खंदक खणून बसले होते. गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि रसदेची आशा तुटली. छावणीत लढवय्यांबरोबर बुणगे होते, यात्रेकरू होते, बायकामुले होती. त्यांना सोडून जाता येईना आणि पोसताही येईना. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे बाहेर पडले ते आणखी उपाशी बसणे शक्य नव्हते म्हणून. पानिपताचा खरा खेळ कोणाला करायचा असेल तर त्याने प्रत्येक तोफेची गोळी मोजू नये. एक सोंगटी भुकेची ठेवावी, एक बुणग्यांची ठेवावी, आणि खेळणाऱ्याला विचारावे: आज निघायचे की आणखी आठ दिवस थांबायचे?

सारे रहस्य, मला वाटते, इथेच आहे. खरेपणा आणि मौज यांचे हाडवैर नाही. त्या काळच्या माणसाची झोप ज्या पेचाने उडवली, तो पेच खेळात उतरला की खेळ खराही होतो आणि रंगतोही. उजाड पुणे परगण्यात पुन्हा वस्ती करताना पहिल्या वर्षी नाममात्र सारा घ्यायचा आणि वर्षागणिक तो थोडथोडा वाढवायचा, ही इस्ताव्याची पद्धत घ्या. आज तिजोरी रिकामी ठेवावी तर उद्या रयत टिकते. आज वसूल करावे तर उद्या गावच उठून जाते. एवढ्या एका नियमावर मुले तासन्‌तास डोके खाजवतील.

तरीही काही उरते, आणि ते कोणत्याही युक्तीने गोड होत नाही. पुणे परगणा उजाड झाला त्याच सुमारास, १६३० पासूनची दोन वर्षे, दख्खन आणि गुजरात दुष्काळाने होरपळले. पटावर हा दुष्काळ म्हणजे लोकसंख्येच्या आकड्यातली घट. आकडा दोन फेऱ्यांत भरूनही निघतो. साम्राज्याचा खेळ नेहमी सिंहासनावरून दिसणारा खेळ असतो. उंबरठ्यावरून दिसणारे जग त्यात मावत नाही, आणि मावले तर तो खेळ उरणार नाही. म्हणून खेळावर बंदी घालावी असे मी म्हणणार नाही. मुलांनी राज्ये खुशाल जिंकावीत. आपण जवळ बसून डाव संपल्यावर एकच विचारावे: "तुझे राज्य एवढे वाढले खरे, पण त्यात कोणाची मोजदाद झालीच नाही?" मूल क्षणभर थांबेल, पडद्याकडे पाहील आणि एखादे नाव घेईल: शेतकरी, हमाल, शिपायाची आई. त्या घडीला खेळ संपून इतिहासाला सुरुवात झालेली असेल.