घोड्याचा लगाम आजही हाताने का शिवतात? मशीनची शिवण नेमकी कुठे मार खाते?

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरली की आपल्या फीडवर घोडेच घोडे येतात. कुणी चाल दाखवतो, कुणी किंमत सांगतो. पुढच्या वेळी असं रील दिसलं तर घोडा राहू द्या, त्याच्या तोंडावरचे पट्टे बघा. चारशे किलोचं जनावर पळता पळता वळवायचं किंवा थांबवायचं, तर स्वाराच्या हातात तेवढंच असतं. चांगल्या चामडी लगामात यातले बरेच पट्टे जेमतेम अर्धा-पाऊण इंच रुंदीचे असतात.

'महागाईला लगाम' असं आम्ही पत्रकार उठसूट लिहितो. पण हा लगाम बनतो कसा, ते माहिती असतं का? मलाही नव्हतं.

लगाम म्हणजे नुसती दोरी नाही

घोड्याच्या तोंडात लोखंडी दांडी असते. ती जागेवर धरायला दोन्ही बाजूंना गालपट्ट्या असतात आणि त्या कानांमागून जाणाऱ्या मुख्य पट्ट्याला जोडलेल्या असतात. हा पट्टा मागे सरकू नये म्हणून कपाळपट्टी, डोक्यावरून निघून येऊ नये म्हणून गळपट्टी. नाकावरून जाते ती नाकपट्टी. दांडीच्या दोन टोकांना अडकवलेल्या लांब वाद्या स्वाराच्या हातात येतात. म्हणजे स्वाराने ओढलं की ताण आधी वाद्यांच्या शिवणीवर येतो.

आधी चामडं

लगामाला कुठलंही चामडं चालत नाही. बूट-बॅगांसाठी बहुतेक क्रोमने कमावलेलं चामडं वापरतात. ते लवकर तयार होतं, मऊ असतं, पण ताणलं जातं. लगामासाठी झाडांच्या सालीतून निघणाऱ्या द्रव्यात कित्येक आठवडे मुरवलेलं चामडं लागतं. त्यात नंतर चरबी, तेल आणि मेण जिरवतात. मग ते घट्टही राहतं आणि वाकवलं तर चिरत नाही.

त्यातही जनावराच्या पाठीचा भागच घेतात, कारण पोटाकडचं कातडं सैल असतं आणि ओढलं की लांबतं. पट्टे पाठीच्या कण्याला समांतर कापतात. दोन्ही वाद्या तर एकाच कातड्यातून, शेजारी शेजारी कापलेल्या बऱ्या. नाहीतर वर्षभरात एक वादी दुसरीपेक्षा लांब होते आणि स्वाराला कळतच नाही की घोडा एका बाजूला का ओढतोय.

आता मुद्दा शिवणीचा

शिलाई मशीनमध्ये दोन दोरे असतात, एक वरून आणि एक खालून. ते चामड्याच्या आत एकमेकांत अडकतात. दिसायला सुबक असतं. पण एका बाजूचा दोरा घासून तुटला, की दुसऱ्याला अडकायला काही उरत नाही आणि टाके पुढे उसवत जातात. घोड्याच्या सामानात घासणं तर रोजचंच. त्यात घाम आणि धूळ.

हाताच्या शिवणीत दोरा एकच, पण त्याच्या दोन्ही टोकांना सुया. कारागीर दोन गुडघ्यांत लाकडी चिमटा धरतो, त्यात पट्टा अडकवतो, आरीने तिरपं भोक पाडतो आणि त्याच एका भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढतो. मग दोन्ही हातांनी सारखा ताण देऊन टाका बसवतो. असं प्रत्येक टाक्याला. इंचाला आठ-दहा टाके धरले तर एका लगामात किती होतील, हिशोब तुम्हीच करा. यात एका बाजूचा दोरा तुटला, तरी त्याच भोकांतून गेलेली दुसरी बाजू पट्टा धरून ठेवते. दोऱ्याला आधी मेण चोळलेलं असतं, त्यामुळे टाका भोकात घट्ट बसतो आणि पाणी कमी शिरतं.

शिवण्याआधी पट्टा जिथे दुमडायचा तिथे रापीने आतून पातळ करतात. इथे घाई नडते. जास्त तासलं तर लगाम नेमका तिथेच तुटतो, कमी तासलं तर गाठ होऊन घोड्याच्या गालाला घासते. शेवटी कडा गोल करून, रंगवून, घासून गुळगुळीत करतात.

कानपूरच का?

भारतात या कामाचं मोठं नाव कानपूर. 1857 च्या उठावानंतर काही वर्षांत इंग्रजांनी तिथे फौजेच्या घोड्यांसाठी सामान बनवणारा सरकारी कारखाना उभा केला. कातडी मिळत होती, शिवाय कमावायला लागणारी बाभळीची सालही जवळच होती. फौजेतले घोडे कमी झाले, पण काम टिकलं आणि आज तिथलं सामान युरोप-अमेरिकेत जातं. 'कानपूर सॅडलरी'ला भौगोलिक मानांकनही आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कानपूरच्या जाजमऊ भागातल्या टॅनरींचं सांडपाणी गंगेत जातं, ही जुनी तक्रार आहे. 2019 च्या प्रयागराज कुंभाच्या वेळी या टॅनरी बंद ठेवायचे आदेश होते. क्रोमचं पाणी जास्त घातक, पण साल वापरणाऱ्या टॅनरीचं पाणीही काही स्वच्छ नसतं. आणि टॅनरी बंद पडली की त्या चामड्यावर बसणाऱ्या कारागिराचं कामही थांबतं.

मग नायलॉन का नको?

स्वस्त आहे, पाण्याने खराब होत नाही, म्हणून नायलॉन सर्रास दिसतं. पण तबेल्यात बांधून ठेवायच्या मोरकीबाबत एक गोष्ट उलटी आहे. घोड्याची मोरकी कुठे अडकली आणि तो बिथरून मागे ओढू लागला, तर चामडं बहुतेक वेळा तुटतं आणि घोडा सुटतो. जाड नायलॉन तुटत नाही, आणि मग इजा होते ती मानेला.

लगाम विकत घेणार असाल, किंवा भाड्याच्या घोड्यावर बसणार असाल, तर वादी दांडीला जिथे जोडलीय तिथे वाकवून बघा. बारीक चिरा दिसल्या तर तो लगाम नको. पट्टा उलटा करून मागची शिवण बघा, टाके नखाने ओढून बघा. नाकपट्टीखाली दोन बोटं सहज जायला हवीत. आणि लगाम तुमचाच असेल तर रपेट झाल्यावर घाम ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. तेल थोडंच लावा, कारण फार तेल प्यायलेलं चामडं मऊ पडून ताणलं जातं.