साखर कारखान्याचे उपपदार्थ पुन्हा उसाच्या शेतात: पाचट, प्रेसमड आणि पोटॅशचा हिशेब

हेक्टरी १०० टन ऊस कारखान्याला गेला की त्यातून साधारण १० ते ११ टन साखर, २८ ते ३० टन ओले बगॅस, ३ ते ४ टन ओला प्रेसमड आणि ४ ते साडेचार टन मोलॅसिस निघते. बाकी बहुतेक पाणी. रसापासून किंवा बी-हेवी मोलॅसिसपासून इथेनॉल केले तर साखर आणि मोलॅसिसचे आकडे बदलतात, पण मूळ गोष्ट बदलत नाही. साखर कर्ब, हायड्रोजन आणि ऑक्सिजनची बनते. ती हवा आणि पाण्यातून आलेली असते. त्यामुळे नुसती साखर विकल्याने जमिनीचे नत्र, स्फुरद, पालाश जात नाही. ते जाते उपपदार्थांबरोबर. हे उपपदार्थ शेतात परत आले तर खताचा खर्च आणि जमिनीची झीज दोन्ही कमी होतात. नाही आले तर तीच अन्नद्रव्ये दरवर्षी गोणीतून विकत घ्यावी लागतात.

एक शब्द आधी स्पष्ट करून घेऊ. शेतकरी बोलताना 'कारखान्याची मळी' म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा प्रेसमड म्हणायचे असते. कारखान्याच्या कागदावर मळी म्हणजे मोलॅसिस. या लेखात गोंधळ नको म्हणून प्रेसमड आणि मोलॅसिस हेच शब्द वापरले आहेत.

कोणते अन्नद्रव्य कुठे जाते?

रस स्वच्छ करताना त्यात चुना मिसळतात. चुन्याबरोबर रसातील स्फुरद खाली बसते आणि गाळणीवर प्रेसमडमध्ये येते. म्हणून प्रेसमड हे मुख्यतः स्फुरद, कॅल्शियम आणि सेंद्रिय कर्बाचे खत आहे. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत गंधकाचा धूर देऊन रस स्वच्छ करतात, त्यामुळे त्यात गंधकही असते. पालाश मात्र पाण्यात विरघळणारे. ते रसाबरोबर पुढे जाऊन मोलॅसिसमध्ये साठते, तिथून आसवनीत स्पेंटवॉशमध्ये उतरते. बगॅसमध्ये अन्नद्रव्ये कमी. त्याच्या राखेत सिलिका जास्त. आणि हिरवे वाढे जनावरांना गेल्यावर जे वाळलेले पान उरते, ते पाचट, शेतातच पडलेले असते.

म्हणजे स्फुरद हवे असेल तर प्रेसमडकडे पाहावे, पालाश हवे असेल तर पाचट आणि आसवनीकडे. प्रेसमड भरपूर टाकला म्हणून पोटॅश बंद करणारे शेतकरी भेटतात. तसे करू नये.

पाचट: वाहतूक नसलेले खत

तोडणीनंतर हेक्टरी ८ ते १० टन पाचट मिळते. त्यात सुमारे ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद, ०.७ ते १ टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. दहा टनांचा हिशेब केला तर ५० किलो नत्र, २० किलो स्फुरद आणि ७० ते १०० किलो पालाश. खोडव्याची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश अशी आहे; त्याशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. पाचट पेटवले की नत्र आणि कर्ब हवेत जातो, राखही वाऱ्याने उडते आणि वरच्या थरातले जिवाणू मरतात.

तोडणी झाल्यावर बुडख्यांवर पडलेले पाचट सरीत ओढून घ्यावे, बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटावेत. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू पाचटावर सारखे पसरून पाणी द्यावे. पाचटामुळे वरून टाकलेले खत मुळांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून खोडव्याची रासायनिक खते पहारीने भोक घेऊन बुडख्याजवळ द्यावीत. यंत्राने तोडलेल्या उसात पाचटाचे तुकडे आधीच पसरलेले असतात, तिथे ओढण्याचे काम वाचते.

अलीकडे पाचटाच्या गाठी बांधून बॉयलरसाठी नेण्याची मागणी वाढते आहे. पेटवण्यापेक्षा ते बरेच. पण टनामागे मिळणारा पैसा आणि टनाबरोबर जाणारे ५ किलो नत्र, २ किलो स्फुरद, ७ ते १० किलो पालाश व ३०० किलोंहून जास्त कर्ब यांची तुलना केल्याशिवाय होकार देऊ नये. लागवड मोडून दुसरे पीक घ्यायचे असेल आणि रान लगेच मोकळे हवे असेल, तर गाठी देण्यात अर्थ आहे. खोडवा ठेवायचा असेल तर पाचट शेतातच राहू द्यावे.

प्रेसमड: घेताना पाणी मोजावे

कारखान्यातून निघालेल्या ताज्या प्रेसमडमध्ये ७० ते ७५ टक्के ओलावा असतो. वाळलेल्या वजनावर साधारण १ ते १.५ टक्के नत्र, २ ते ३ टक्के स्फुरद आणि ०.५ ते १ टक्का पालाश. कारखान्यागणिक आणि हंगामागणिक हे आकडे हलतात, म्हणून एक मिश्र नमुना तपासून घेणे चांगले.

समजा १० टनांची एक खेप आली. ओलावा ७० टक्के धरला तर त्यात कोरडा माल ३ टन. कमीत कमी २ टक्के धरून स्फुरद ६० किलो, म्हणजे ३७५ किलो सिंगल सुपर फॉस्फेटइतके, साडेसात गोण्या. शिवाय सुमारे ३० ते ४५ किलो नत्र, तेही हळूहळू मिळणारे, आणि मोठ्या प्रमाणात सेंद्रिय कर्ब. आता प्रेसमडची किंमत, भरणी आणि भाडे यांची बेरीज या किमतीशी ताडून पाहावी. जवळच्या गावाला ताजा माल परवडतो. लांबच्या गावाला आपण मुख्यतः पाण्याचे भाडे भरतो. लांब असाल तर ३० टक्क्यांच्या आसपास ओलावा असलेले तयार कंपोस्ट घ्यावे. त्याच १० टनांत ७ टन कोरडा माल येतो.

भाडे कमी करण्याचा सोपा मार्ग समोरच असतो. ऊस टाकून ट्रॅक्टर-ट्रॉली रिकामी परतते. गट कार्यालयाने एका शिवारातल्या पाच-सहा शेतकऱ्यांची मागणी एकत्र नोंदवली आणि वाहनमालकाशी परतीचा दर आधी ठरवला, तर हे जमते. अडचण अशी की गाळपाच्या ऐन हंगामात वाहनाला पुढच्या फेरीची घाई असते आणि प्रेसमड भरण्यात तास गेला तर तोही पैशातच मोजला जातो. भरणीला लोडर नसेल तर ही योजना कागदावरच राहते. विस्तार कर्मचाऱ्यांनी आधी याची खात्री करावी.

ताजा प्रेसमड सरळ शेतात टाकू नये. त्यात उरलेली साखर आणि मेण असते. कुजताना तो तापतो, मुळांना इजा करतो आणि कुजविणारे जिवाणू जमिनीतले नत्र काही काळ ओढून घेतात. ढीग बांधावर, पण विहीर आणि ओढ्यापासून दूर, उंच कठीण जागेवर लावावा. लांबट, कमरेएवढ्या उंचीचे ढीग करून शेणकाला आणि कुजविणारे जिवाणू मिसळावेत. पिळल्यावर मुठीतून पाणी गळणार नाही पण गोळा होईल इतका ओलावा ठेवावा. दर १० ते १५ दिवसांनी ढीग खालीवर करावा. आतील उष्णता ६० अंशांच्या वर जाते, ते चांगले लक्षण आहे. तण-बियाणे त्याच उष्णतेने मरते. मात्र उंच ढीग न हलवता महिनोन्महिने पडून राहिला तर तो आतून धुमसून पेटही घेतो.

दीड ते दोन महिन्यांत खत तयार होते. तयार झाले की नाही हे ओळखण्यासाठी ओलसर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तीन-चार दिवस ठेवावे. उघडल्यावर आंबूस किंवा कुजका वास आला तर अजून वेळ आहे. पावसाच्या मातीसारखा वास आला तर वापरता येईल. खात्रीसाठी थोड्या खतात मोहरी किंवा मूग पेरून उगवण पाहावी. विकतचे कंपोस्ट घेताना प्रयोगशाळेच्या अहवालात दोन आकडे आधी पाहावेत: कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या आत आणि विद्युत वाहकता ४ डेसी सायमन प्रति मीटरच्या आत. दुसरा आकडा महत्त्वाचा, कारण कारखान्यातील कंपोस्टमध्ये स्पेंटवॉश मुरवलेला असू शकतो आणि मग क्षार वाढतात. चोपण किंवा खारवट जमिनीत असे खत माती तपासल्याशिवाय टाकू नये.

प्रमाण हेक्टरी ५ ते १० टन कंपोस्ट, शेवटच्या पाळीआधी किंवा सरीत. वेळापत्रक आडसालीला सोयीचे पडते: गाळपात निघालेला प्रेसमड उन्हाळ्यात कुजतो आणि जून-जुलैत लागवडीला मिळतो. पहिल्या वर्षी रासायनिक स्फुरद पूर्ण बंद करू नये. माती परीक्षणाचा आकडा पाहून टप्प्याने कमी करावे.

सगळ्यांना दरवर्षी पुरेल इतका प्रेसमड नसतो, हेही सांगायला हवे. कुजताना कोरड्या मालाचा सुमारे तिसरा हिस्सा जातो असे धरले, तर ५ टन कंपोस्टला १७ ते १८ टन ओला प्रेसमड लागतो. म्हणजे जवळपास पाच हेक्टर उसाचा. त्यामुळे वाटप करताना ज्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आणि स्फुरद कमी आहे, हलकी किंवा मुरमाड आहे, तिला आधी द्यावे. अनेक ठिकाणी वाटप ओळखीवर होते. माती परीक्षणाच्या यादीवर झाले तर तोच माल जास्त उपयोगी पडेल.

स्पेंटवॉश आणि पोटॅश

एक लिटर अल्कोहोल तयार करताना मोलॅसिस आसवनीत ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. त्यात पालाश असते, पण तो आम्लधर्मी, क्षारयुक्त आणि सेंद्रिय प्रदूषणाचा मोठा भार असलेला असतो. 'फुकट खत' म्हणून कच्च्या स्पेंटवॉशचा टँकर कोणी रात्रीतून शेतात सोडायला तयार असेल, तर तो घेऊ नये. विहिरीचे पाणी एकदा तपकिरी झाले की शेजाऱ्याचेही नुकसान होते.

सुरक्षित मार्ग वेगळा आहे. स्पेंटवॉश आटवून खास बॉयलरमध्ये जाळतात, त्याच्या राखेतून पोटॅश खत बनते. खत नियंत्रण आदेशानुसार मोलॅसिसपासून मिळालेल्या या पोटॅशमध्ये किमान १४.५ टक्के पालाश असावे लागते. भारत म्युरेट ऑफ पोटॅश आयात करतो, त्यामुळे केंद्र सरकारनेही याकडे लक्ष दिले. जानेवारी २०२४ मध्ये कारखान्यांनी खत कंपन्यांना हे पोटॅश टनाला ४,२६३ रुपयांनी विकण्याचा दर ठरला आणि त्या वेळी टनाला ३४५ रुपये अनुदान लागू होते.

शेतकऱ्याने गोणीची नव्हे, पालाशाच्या किलोची किंमत काढावी. हेक्टरी ११५ किलो पालाश द्यायचे तर म्युरेट ऑफ पोटॅश सुमारे १९२ किलो लागते आणि हे खत ७९३ किलो. चौपट वजन वाहायचे, टाकायचे. कारखान्याजवळच्या गावात ते परवडू शकते, दोन जिल्हे ओलांडून नाही.

बायोगॅस प्रकल्प आल्यावर काय बदलते?

केंद्राची 'सतत' योजना ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून कॉम्प्रेस्ड बायोगॅससाठी प्रेसमडला मागणी आली. साधारण २५ टन प्रेसमडपासून एक टन वायू मिळतो. पूर्वी उचलून नेण्यासाठी विनवण्या कराव्या लागणारा माल आता विकला जातो, आणि काही गावांत शेतकऱ्याच्या वाट्याचा प्रेसमड कमी होतो.

वायूत फक्त कर्ब आणि हायड्रोजन जातो. स्फुरद, पालाश आणि बहुतेक नत्र प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या मळईत राहते. म्हणून प्रकल्पाला विरोध करण्याचे कारण नाही. मळई ऊस देणाऱ्या गावांत परत येते का, हे मात्र आधीच ठरवून घ्यावे. गोबरधन उपक्रमातील प्रकल्पांच्या सेंद्रिय खतासाठी जून २०२३ मध्ये टनाला १,५०० रुपये विपणन साहाय्य मंजूर झाले आहे. ही रक्कम असताना पुरवठ्याचा करार करणे प्रकल्पालाही अवघड नाही. पातळ मळई पाटाच्या पाण्यातून देण्याआधी तिची क्षारता तपासावी.

उपपदार्थांचे पैसे

महाराष्ट्रात २०१३ च्या ऊस दर कायद्याने महसूल वाटणीचे सूत्र आणले. साखर आणि बगॅस, मोलॅसिस, प्रेसमड या प्राथमिक उपपदार्थांच्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा, किंवा केवळ साखरेच्या उत्पन्नाचा ७५ टक्के वाटा ऊस उत्पादकांचा. म्हणजे प्रेसमडचा भाव वाढला तर तो उसाच्या दरातही दिसायला हवा.

अडचण तेव्हा येते जेव्हा कारखाना उपपदार्थ बाहेर विकत नाही, स्वतःच्याच बायोगॅस, वीज किंवा आसवनी प्रकल्पाला देतो. तेव्हा प्रेसमड आणि बगॅस कोणत्या दराने धरले, हे सभासदाने वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीनंतर लेखी विचारावे. सोबत आणखी तीन आकडे मागावेत: हंगामात किती प्रेसमड निघाला, किती सभासदांना दिला आणि किती विकला. गाळप झालेल्या टनाच्या ३ ते ४ टक्के हा पडताळा जवळ असला की उत्तर तपासायला वेळ लागत नाही.